फुटपाथवरचं अर्घ्य

घर दाखवणाऱ्या बाईला आम्ही जवळच्या शाळा विचारल्या, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारलं, आणि दार पूर्वेलाच आहे ना, हे तीनदा विचारलं. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये आमच्यासारखी गिऱ्हाइकं तिला नवीन नव्हती. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच एक छोटं होकायंत्र लटकवलेलं होतं. फुटपाथबद्दल मात्र आम्ही चकार शब्द विचारला नाही. सह्या झाल्यावर तिनेच जाता जाता सांगितलं, की घरासमोरचा फुटपाथ टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा आहे, पण त्यावरचा बर्फ तुमचा. आम्ही दोघंही हसलो. ऑगस्ट महिना होता.

ही गोष्ट दोन हजार तीन-चार सालची. नवरा आणि मी दोघंही आयटीतले, व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल कुठल्या तरी टेबलावर पडलेली. त्याआधीची चार वर्षं अपार्टमेंटमध्ये गेली, त्यामुळे बर्फ कोण उचलतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सकाळी बाहेर पडावं तर वाट मोकळी असायची आणि बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेलं असायचं. लहानपणी धुतलेले कपडे कपाटात आपोआप यायचे, तसंच हेही आपोआप होतं असं मी धरून चालले होते.

त्या हिवाळ्यात माझे बाबा नागपूरहून आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांचं एकट्याचं जेवणखाण मला फोनवर ऐकवत नव्हतं. बाबांनी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, रस्त्यांवर काढली होती. रस्ता खणला की संध्याकाळी तिथे लाल कंदील लागलाच पाहिजे, यासाठी ते मजुरांच्या मागे हात धुऊन लागायचे. एकदा यवतमाळकडे एका पुलाच्या कामावर कंदिलातलं रॉकेल संपलं आणि एक सायकलवाला खड्ड्यात पडून हात मोडून बसला. बाबा दुसऱ्या दिवशी पपई घेऊन सरकारी दवाखान्यात गेले आणि त्याच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, चूक आमची आहे. साहेब त्यांच्यावर भडकले होते म्हणे. आमच्या घरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की त्या पपईचा रंगही मला पाठ होता.

बाबांचा एक नेम होता. आंघोळ झाली की सूर्याला अर्घ्य. तांब्याचा तांब्या, त्यात पाणी, चिमूटभर कुंकू आणि चार अक्षता. तो तांब्या त्यांनी बॅगेत बनियनमध्ये गुंडाळून आणला होता. आमचं मागचं अंगण पश्चिमेला, तिकडे सकाळी सूर्याचा पत्ताच नाही. पहिले काही दिवस ते पुढच्या खोलीच्या खिडकीत उभे राहून ताम्हनात पाणी सोडायचे, आणि त्यातलं थोडं गालिच्यावर सांडायचं. गालिचा नवा होता आणि फिका होता. मी म्हटलं, "बाबा, बाहेर जाऊन द्या ना. पूर्वेचं दार काय शोभेला घेतलंय?"

हे मीच म्हटलं. पुढचं सगळं सांगताना हे गाळलं तर ते खोटं होईल, म्हणून आधीच सांगून टाकते.

दारातूनही त्यांना सूर्य दिसेना. हिवाळ्यात तो खालून, जरा दक्षिणेकडून येतो आणि समोरच्या घराचं गॅरेज आडवं येतं. बाबांनी खात्यातल्या माणसासारखी दोन दिवस पाहणी केली आणि एक जागा शोधून काढली. फुटपाथवर, शेजारच्या घराच्या हद्दीपासून दोन पावलं अलीकडे उभं राहिलं, की समोरच्या दोन घरांच्या मधल्या फटीतून सूर्य बरोबर डोळ्यांसमोर यायचा. मग रोज सकाळी माकडटोपी, माझ्या नवऱ्याचं जाडजूड जॅकेट, खाली धोतर आणि बूट, अशा अवतारात बाबा तिथे उभे राहायचे आणि तांब्या डोक्याच्या वर नेऊन बारीक धार सोडायचे. मला गंमत वाटायची. जरा लाजही वाटायची.

शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. सत्तरीची असेल, बारीक कापलेले पांढरे केस, लाल कोट. शाळेची बस चालवून रिटायर झालेली. आमची ओळख हात हलवण्यापुरती. डिसेंबरात आमच्या दाराच्या फटीत एक पिवळा कागद खोचलेला सापडला, टाउनशिपच्या हिवाळ्याच्या नियमांचा. असले कागद इथे येतच असतात. मी तो न वाचता फ्रिजवर पिझ्झाच्या मेनूखाली लावून टाकला.

जानेवारीत एकदा चहा पिताना बाबा म्हणाले, "इथलं खातं कामाचं आहे बरं का. सकाळी मी अर्घ्य देतो, दुपारी फिरायला निघालो की त्या जागी बर्फाचं नाव नसतं. निळसर मीठ टाकून जातात."

"हो बाबा," मी म्हटलं, "इथे सगळं सिस्टिमॅटिक असतं."

टाउनशिपची गाडी फक्त रस्त्यावर मीठ टाकते, फुटपाथवर नाही, हे मला माहीत होतं. पण अमेरिकेची तारीफ चालू असताना मध्ये कशाला बोला, असा विचार करून मी बिस्किट बुडवलं.

जानेवारीच्या शेवटी थंडीची लाट आली. बर्फ पडला नव्हता, नुसती कोरडी, कान तोडणारी थंडी. नवरा पहाटेच्या गाडीने मॅनहॅटनला गेला होता. बाबा अर्घ्य देऊन आत येऊन पोथी वाचत बसले होते. सव्वाआठच्या सुमारास मी ऑफिसला जायला गाडी मागे घेतली आणि आरशात मला फुटपाथवर काहीतरी लाल दिसलं. कोणाचा तरी कोट पडलाय, असं वाटलं. मग त्या कोटाने हात वर केला.

मी धावले. म्हातारी कुशीवर पडली होती. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, तोंड पिठासारखं पांढरं. बाजूला कॉफीचा एक मोठा पत्र्याचा डबा लवंडला होता आणि त्यातलं निळसर मीठ फुटपाथवर पसरलं होतं. ती अगदी हळू म्हणाली, मला हलवू नकोस, फोन कर. माझी बोटं थंडीने आणि भीतीने इतकी वाकडी झाली होती, की नऊ एक एक हे तीन आकडे मी दोनदा चुकले.

बाबा बाहेर आले. त्यांनी अंगावरची शाल काढून तिच्यावर घातली, धोतरासकट खाली फुटपाथवर बसले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. इंग्रजीत ते फक्त "कमिंग, कमिंग" म्हणत राहिले. आधी पोलिसाची गाडी आली, मग ॲम्ब्युलन्स. पोलिसाने मला विचारलं, पडताना पाहिलंस का? मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. त्याने खाली पाहिलंच नाही, त्याचं सगळं लक्ष स्ट्रेचरकडे होतं. शाल तिच्याबरोबरच गेली. बाबांनी डबा उचलला, त्याला झाकण लावलं आणि तिच्या दारापाशी नेऊन ठेवला.

मी नवऱ्याला फोन केला, लागला नाही. मग जर्सी सिटीतल्या मैत्रिणीला केला. ही मूळची पुण्याची, एकविसाव्या मजल्यावर राहते, तिच्या बिल्डिंगचा फुटपाथ बिल्डिंगवाले साफ करतात, आणि तिने आयुष्यात बर्फाचं फावडं हातात धरलेलं नाही. पण सल्ला तिच्याकडे कायम तयार असतो.

"तुमच्या फुटपाथवर पडली?" ती किंचाळलीच. "अगं, सू करतील, कोर्टात खेचतील! घर जाईल, ग्रीन कार्डचंसुद्धा काही सांगता येत नाही. हे बघ, एक अक्षर बोलू नकोस कोणाशी. सॉरीसुद्धा म्हणू नकोस. सॉरी म्हणजे ॲडमिट केल्यासारखंच होतं, यार. आधी जाऊन तो बर्फ क्लिअर कर. आणि ती तुमच्या बाजूला आलीच का होती, हे लिहून ठेव. तिचं घर तिकडे, तिचा फुटपाथ तिकडे. मग इकडे काय करत होती?"

शेवटचं वाक्य मला एकदम पटलं. खरंच, इकडे काय करत होती? मी ते वाक्य दोरीसारखं घट्ट धरून गॅरेजमधलं फावडं काढलं आणि बाहेर गेले.

बर्फ दिसतच नव्हता. काचेसारखा पातळ थर, खालचं सिमेंट आरपार दिसत होतं. मी वाकले. बर्फाच्या आत तांदळाचे दाणे होते. अख्खे, पांढरे, आणि त्यांच्याभोवती कुंकवाचे लालसर ढग थिजलेले. आम्हा लोकांखेरीज हे काम कोणाचं असूच शकत नव्हतं. आम्ही आमची सहीच करून ठेवली होती तिथे.

मी फावड्याच्या कडेने तो थर तोडायला लागले. तुकडे हिरवळीवरच्या जुन्या बर्फावर टाकावेत, तर तिथे लाल रंग दुरूनही दिसला असता. म्हणून ते बादलीत भरले, वर नेले आणि बाथटबमध्ये ओतून गरम पाणी सोडलं. पाणी गेलं आणि जाळीवर अक्षता उरल्या. देवाच्या अक्षता मी कागदाने पुसून कचऱ्यात टाकल्या. ऑफिसला मी आजारी असल्याचं कळवलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "माझ्या पाण्यावरून तर नाही ना घसरल्या त्या बाई?"

"नाही बाबा," मी भाजी ढवळत म्हटलं. "त्यांच्याच बाजूला घसरल्या आणि घरंगळत इकडे आल्या."

माणूस सपाट फुटपाथवर घरंगळत कसा येईल? ज्या माणसाने आयुष्यभर रस्त्याचे उतार मोजले, त्याला मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अर्घ्य बाथरूममधल्या बेसिनमध्ये द्यायला सुरुवात केली. का, ते मी विचारलं नाही. आणि रोज सकाळी ते आमच्या फुटपाथवर मीठ टाकू लागले. आमचा संपला की शेजारणीचाही.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र रोजचा होता. "दवाखान्यात भेटायला कधी जायचं?"

"इथे असं जात नाहीत, बाबा."

"काहून? शेजारी आहेत ना?"

"इथे प्रायव्हसी असते. न बोलावता गेलेलं आवडत नाही लोकांना."

आपल्या आईबाबांना गप्प करायला 'इथे असं नसतं' यासारखं दुसरं हत्यार नाही. ते मी आधीही वापरलं होतं, पण इतक्या निर्लज्जपणे कधीच नाही. एकदा त्यांच्यासाठी मी शिरा करायला घेतला, थोडा शेजारणीलाही पाठवावा असं मनात आलं, आणि लगेच मैत्रिणीचा आवाज आठवला. शिरा नेणं म्हणजे ॲडमिट करणं. तो शिरा आम्हीच तीन दिवस खाल्ला.

नवरा म्हणाला, तू उगाच घाबरतेस. पण रोज घरी आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "काही आलं का?" पोस्टाची पेटी रोज मीच उघडायचे. लांब पांढरं पाकीट दिसलं की तिथेच उभ्या उभ्या फाडायचे. मग ते क्रेडिट कार्डाचं निघायचं.

आठवडाभराने पिझ्झाचा मेनू काढताना फ्रिजवरचा तो पिवळा कागद खाली पडला. मी पहिल्यांदाच तो वाचला. फुटपाथवरचा बर्फ काढण्याची जबाबदारी घरमालकाची. फुटपाथवर पाणी सोडू नये. या दुसऱ्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. एक नव्हे, दोन रेघा.

म्हणजे हा कागद टाउनशिपने टाकलेलाच नव्हता. शेजारणीने टाकला होता. तिला माहीत होतं, तिने आम्हाला लेखी कळवलं होतं, आणि आम्ही तरीही पाणी ओततच राहिलो होतो. कोर्टात हा कागद कोणीतरी वर धरून दाखवतंय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग तो कागद घडी करून पासपोर्टांच्या पिशवीत ठेवला, कारण फाडायचीही भीती वाटली.

त्याच रविवारी एक माणूस आला. काळा ओव्हरकोट, पन्नाशीचा. तो शेजारणीच्या घरातून निघाला आणि नेमका त्या जागी येऊन थांबला. खाली वाकून त्याने फुटपाथवर बुटाचं टोक घासून पाहिलं. आमच्या घराकडे पाहिलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. घरात बाबा आणि मीच होतो. तो आमच्या पायऱ्या चढला आणि बेल वाजली.

बाबा उठले. मी त्यांचं मनगट धरलं.

"अगं, दारात माणूस आहे."

"बाबा, नका उघडू. प्लीज. एक शब्दही बोलू नका."

बेल पुन्हा वाजली. बाबा आणि मी सोफ्याच्या मागे, स्वतःच्या घरात, चोरासारखे उभे होतो. त्यांच्या मनगटातली नाडी माझ्या बोटांना लागत होती, फार जोरात चालली होती. माझ्यामुळे ते घाबरलेत असं मला वाटलं आणि मला रडू आलं. थोड्या वेळाने पावलं उतरून गेली. दाराच्या मुठीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती. मी ती दोन बोटांनी उचलून आत आणली. आत बाबांची शाल होती, धुतलेली, इस्त्रीसारखी घडी घातलेली. मी ती झटकली, पिशवी उलटी केली, वकिलाची चिठ्ठी कुठे आहे ते शोधलं. चिठ्ठी नव्हती. बाबांनी माझ्या हातातून शाल घेतली, पुन्हा घडी घातली आणि आपल्या खोलीत गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी बाबा परत गेले. विमानतळावर म्हणाले, "त्या बाई घरी आल्या की माझा नमस्कार सांग." मी हो म्हटलं.

म्हातारी एप्रिलात घरी आली. खुब्याचं ऑपरेशन, मग रिहॅब. चार पायांचा वॉकर पुढे सरकवत ती ओसरीवर येऊन खुर्चीत बसायची. मी दोन शनिवार गॅरेजमधूनच बाहेर पडले आणि तिथूनच आत आले, म्हणजे तिकडे बघायला नको. तिसऱ्या शनिवारी तिने मला गाठलंच. वॉकर उचलून हलवला आणि हाक मारली. पळून जाण्याइतकी लांब मी नव्हते. रिकाम्या हातांनी गेले.

तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुझे वडील कुठे आहेत? ते भांडंवाले?"

मी म्हटलं, ते भारतात परत गेले, त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

ती म्हणाली, की ती रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन उभी असायची तेव्हाच बाबा बाहेर यायचे. त्यांचं पाणी आणि तिची कॉफी एकाच वेळी. "मग ते आत गेले की मी डबा घेऊन यायचे आणि मीठ टाकायचे. रोज. खरं सांगू, मला राग यायचा तुम्हा लोकांचा. बत्तीस वर्षं मी पोरांना बसमधून उतरवलंय, फुटपाथवर बर्फ दिसला की मला चैन पडत नाही. रोज ठरवायचे, आज यांची बेल वाजवणार. पण ते डोळे मिटून उभे असायचे. तुझी प्रार्थना निसरडी आहे, हे माणसाला कसं सांगायचं? म्हणून तो कागद खोचला. रेघ मारली होती, दिसली नाही?"

ती आमच्या बाजूला आलीच का होती, हा प्रश्न मी खरंच लिहून ठेवला होता, तारीख आणि वेळ घालून, आमच्या बचावासाठी. त्याचं उत्तर तिच्या दारापाशी अजूनही तसंच ठेवलेलं होतं, पत्र्याचा डबा, झाकण लावलेला.

"त्या दिवशी मी चिडले होते आणि घाईत होते," ती म्हणाली. "घरातल्या सपाता घालून आले. पण माझा भाचा म्हणतो, तिथे बर्फ नव्हताच. त्याने त्याच दिवशी स्वतः येऊन पाहिलं. डॉक्टरही म्हणाले, चक्कर आली असेल, या वयात आठवणीत घोळ होतो. भाच्याने माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. आता घर विकायचं म्हणतोय. माझ्या वयाची बाई काही कारण नसताना पडली, की तिला एकटी राहू देत नाहीत." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला स्वतःलाही वाटायला लागलंय, की नसेल बर्फ."

तीन महिने मी घर जाण्याच्या भीतीने झोपले नव्हते. घर जात होतं ते हिचं. ते माझ्या फावड्याने जात होतं.

मी म्हटलं, "बर्फ होता. आमचा होता. तुम्हाला नेल्यावर मी तो तोडून काढला. कोणाला दिसू नये म्हणून."

तिच्या गालाचा एक स्नायू हलत होता. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने वॉकरच्या पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "त्याला सांग."

आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. फोन वाजत होता तेवढ्या वेळात मला कोर्ट, वकील, व्हिसा, नवऱ्याचा चेहरा, सगळं दिसून गेलं. भाच्याने फोन उचलला. मी माझं नाव सांगितलं, घर नंबर सांगितला आणि सगळं सांगितलं. पाणी, तांदूळ, फावडं, बाथटब. सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, त्या रविवारी मी शालीसाठी तुमचे आभार मानायला आलो होतो. आणि त्याने फोन ठेवला.

केस कोणी केली नाही. मे महिन्यात शेजारीण तिची जुनी निळी गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना दिसली. ती माझ्याशी पहिल्यासारखं हात हलवण्यापुरतं बोलायची, त्याहून जास्त नाही, आणि ते मला रास्त वाटायचं.

त्या शनिवारी तिच्या ओसरीवरून घरी येऊन मी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबले. नागपुरात रात्रीच्या जेवणाची वेळ होती. बाबांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझं खोटं, कचऱ्यात टाकलेल्या अक्षता, आणि रोज मीठ टाकणारी ती बाई.

"म्हणजे ते खातं त्या बाईच होत्या," बाबा म्हणाले.

"मी तुमच्याशी खोटं बोलले, बाबा. बर्फ तुमच्याच पाण्याचा होता."

"माहीत होतं मला. त्यांच्याजवळ बसलो होतो ना मी. माझ्या धोतराला अक्षता चिकटल्या होत्या. डबाही मीच उचलला."

पपईवाला माणूस हा. "मग मला कशाला विचारलंत त्या दिवशी?"

फोनमध्ये खरखर आली. मला वाटलं, कार्ड संपलं. मग त्यांचा आवाज आला, इतका बारीक की मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला.

"घाबरलो होतो, बेटा. तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणून विचारलं."